मी सुचवलेल्या डिटेलिंगवाल्याने मित्राच्या गाडीचा रंग घालवला

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. गाड्यांच्या रंगातलं ज्यांना कळतं त्यांनी आणि मित्रांच्या व्यवहारात जे कधी मधे पडलेत त्यांनी, दोघांनीही सांगावं म्हणून हा धागा काढतोय.

आमच्या भागात एक डिटेलिंगवाला आहे, म्हणजे गाड्या बारकाईने साफ आणि पॉलिश करून देणारा. नाव लिहीत नाही, वाद अजून मिटलेला नाही आणि त्याची बाजू मांडायला तो इथे नाही. पूर्वी पत्र्याच्या शेडमध्ये एकटा काम करायचा. गाडी आत घेण्याआधी बॉनेटवरून तळहात फिरवायचा, कुठे डांबर चिकटलंय, कुठे झाडाचा चीक वाळलाय ते दाखवायचा. माझ्या गाडीच्या दारावर एक ओरखडा होता. त्यावरून नख फिरवून म्हणाला, "नख अडकतंय बघा. हा पॉलिशने जाणार नाही, उगाच पैसे घालवू नका." जो माणूस मिळणारं काम नाकारतो तो विश्वासाचा, असं मी तेव्हाच धरलं आणि पुढे कायम त्याच्याकडेच जात राहिलो. आता त्याचं मोठं काचेचं दुकान झालंय, हाताखाली पोरं आहेत. त्याची भरभराट बघून मला मनापासून बरं वाटायचं.

माझ्या कॉलेजच्या मित्राची काळी होंडा सिटी आहे. गाडीचं कर्ज फिटलं तेव्हा म्हणाला, "आता एकदा तिला नवीसारखी करून घ्यायचीय, कोणी चांगला असेल तर सांग." मी नंबर दिला, आणि मालकाला फोन करून "माझा अगदी जवळचा मित्र आहे, स्वतः लक्ष घाला" असंही सांगितलं. पेंट करेक्शन (रंगावरचे बारीक ओरखडे मशीनने घासून काढणं) आणि सिरॅमिक कोटिंग (त्यावर लावायचा संरक्षक थर) मिळून २२,००० रुपये ठरले.

परवा रात्री त्याच्याच गाडीतून साताऱ्याहून परत येत होतो. खंबाटकी उतरल्यावर शिरवळजवळ पेट्रोलला थांबलो. पंपाच्या छताचे पांढरे दिवे थेट बॉनेटवर पडले आणि मी बघतच राहिलो. मशीन जिकडे जिकडे फिरलं त्याचे धुरकट पट्टे, एकात एक गेलेल्या कमानी, मी पाऊल सरकवलं की त्याही सरकायच्या. डाव्या हेडलाइटच्या वर, बॉनेटच्या कडेला, बोटाच्या पेराएवढ्या लांबीत काळा रंग गेलेला आणि खालचा करडा प्रायमर उघडा. काचेच्या रबराच्या खाचेत पांढरं कंपाउंड (घासायची पेस्ट) वाळून बसलेलं.

"हे कधीपासून?"
"एक-दोनदा धुतल्यावर दिसायला लागलं."
"मग मला बोलला का नाहीस?"
"तुझा माणूस ना रे तो."

पुढे पुण्यापर्यंत आम्ही दोघंही फार बोललो नाही. माझ्या भिडेपोटी हा माणूस इतके दिवस ती गाडी तशीच चालवत होता, हे मला पैशांपेक्षा जास्त लागलंय.

तर विचारायचं आहे ते हे: हे दुरुस्त होतं का? दुकानात जाऊन नेमकं काय बोलायचं? आणि मित्राचं जे नुकसान झालं त्यात माझा वाटा किती?

इंद्रधनू

"तुझा माणूस ना रे तो" वाचून पोटात कालवलं. फोटो टाकता आले तर टाका.

कर्वेनगरची

मी असते तर निम्मे पैसे दिले असते. माझ्या सासऱ्यांनी एका नातेवाइकाला सुतार सुचवला होता. त्याने उचल घेतली आणि स्वयंपाकघर अर्धवट टाकून गेला. सासऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने दुसरा सुतार लावून ट्रॉल्या बसवून दिल्या. तेव्हा मला ते जास्तीचं वाटलं होतं. पण त्या घराशी आमचं येणं-जाणं आजही पूर्वीसारखं आहे, आणि त्यांच्या घरात त्या सुताराचा विषय निघाला तरी आमचं नाव वाईट अर्थाने निघत नाही.

देवरुखकर

ताई, नात्यातलं वेगळं, मित्राचं वेगळं. मित्राच्या हातावर पैसे ठेवले की त्याला अवघडल्यासारखं होणार. तो घेणारही नाही, आणि घेतले तर पुढे गाडीत शेजारी बसायलाही दोघांना जड जाईल. सिंहगडरोडकर, तुम्ही त्याच्याबरोबर दुकानात जा. ज्या ओळखीवर गाडी आत गेली त्याच ओळखीवर जाब विचारायचा. एकटा गेला तर त्याला उडवून लावतील, तुम्ही सोबत असलात तर मालकाला तोंड द्यावं लागेल. माझ्या मते तुमचा वाटा तेवढाच, पण तेवढा आहेच.

मशीनवाला_नाशिक

मी नाशिकला हेच काम करतो. वर जे वर्णन आहे त्यावरून काय झालं असेल ते बऱ्यापैकी कळतं, म्हणून सविस्तर लिहितो.

कमानीसारखे पट्टे म्हणजे होलोग्राम. रोटरी मशीनचं पॅड एकाच अक्षावर फिरतं. कापतं जोरात आणि तापवतंही लवकर. खोल जाळी (रंगावर पडलेले बारीक ओरखडे) काढायला लोकरीचं पॅड आणि जाड कंपाउंड वापरलं तर त्यात गैर काही नाही, मीही वापरतो. पण त्याच्या मागून फोमच्या मऊ पॅडने, बारीक पॉलिशने, शक्यतो ड्युअल ॲक्शन मशीनवर (त्याचं पॅड फिरता फिरता डोलतंही) दुसरा हात मारावाच लागतो. काळ्या गाडीला कधीकधी तिसराही. सगळा वेळ त्या दुसऱ्या-तिसऱ्या हातात जातो. इथे तो मारलेलाच नाही.

मग गाडी ताब्यात देताना आरशासारखी कशी दिसली? कंपाउंडमध्ये, ग्लेझमध्ये तेलं आणि फिलर असतात. ते बारीक चिरांमध्ये भरून बसतात आणि धुण्यागणिक निघून जातात. म्हणूनच कोटिंगआधी पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकेक पॅनेल पुसायचं असतं. तेल गेलं की रंगाची खरी अवस्था उघडी पडते. ते पुसणं झालं असतं तर हे पट्टे दुकानातच दिसले असते. शिवाय तेलावर लावलेलं सिरॅमिक रंगाला नीट धरत नाही. मित्राला सांगा, साध्या शॅम्पूने गाडी स्वच्छ धुऊन बॉनेटवर पाणी ओता. थेंब गोळा होऊन पळाले तर कोटिंग काही अंशी शिल्लक आहे, पाणी चादरीसारखं पसरून बसलं तर तिथे काही उरलेलं नाही. आधी धुणं महत्त्वाचं, कारण टँकरच्या जड पाण्याच्या क्षारांचा थर बसला तरी चांगलं कोटिंगही मेल्यासारखं वागतं.

आता कडेचा प्रायमर. कंपनीतून येणारा रंग, सगळे थर धरून, साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, काही गाड्यांवर त्याहूनही कमी. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे गाडीचा अख्खा रंग वहीच्या एका पानाइतका. कडांवर आणि पत्र्याच्या दुमडीवर तो आणखी पातळ बसतो, म्हणून मशीन चालवण्याआधी कडांना आणि रबरांना मास्किंग टेप लावतात. रबरात कंपाउंड साचलंय याचा अर्थ टेप लावलीच नव्हती. ती पांढरी रेघ आणि तो उघडा प्रायमर, दोन्ही एकाच निष्काळजीपणातून आलंय.

इलाज: क्लिअर कोट शिल्लक असेल तर होलोग्राम निघतात. त्यासाठी जाडी मोजायचं गेज लावून प्रत्येक पॅनेलवर चार-पाच ठिकाणी आकडे घ्यायला सांगा. बंपर प्लास्टिकचा असतो, त्यावर हे गेज चालत नाही, तिथे अंदाजच. जिथे आकडा बाकी गाडीपेक्षा फार खाली असेल तिथे पुन्हा मशीन लावू देऊ नका, मग फुकट करून देतो म्हणाले तरी. उघडा पडलेला प्रायमर पॉलिशने झाकत नाही. एक तर टच-अप, नाहीतर बॉनेट रंगवणं.

काळीच_हवी

माझीही काळीच आहे. एका ठिकाणी "९एच कोटिंग आहे, ओरखडा पडणारच नाही" असं सांगून कोटिंग गळ्यात मारलं. सोसायटीतल्या मुलाची सायकल घासली आणि ओरखडा पडलाच.

मशीनवाला_नाशिक

९एच हे पेन्सिलीच्या चाचणीतलं माप आहे. ठरावीक कडकपणाच्या शिशाने त्या थरावर रेघ उमटते का, एवढंच ते सांगतं. सायकल, किल्ली, हायवेवरची खडी यापुढे कुठलंही सिरॅमिक टिकत नाही. त्याने धूळ कमी चिकटते, धुणं सोपं जातं, पक्ष्यांची घाण लगेच रंगाला भिडत नाही. खडीचा मार झेलायचा तर पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, ती १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, आणि तिचा खर्चही कितीतरी जास्त.

ग्राहकहक्क

दुकानात जायच्या आधी कागद जमवा. बिल, पैसे दिल्याची यूपीआय नोंद, व्हॉट्सॲपवर ठरलेला भाव आणि काय काय करणार ते, गाडी देण्याआधीचे काही फोटो असतील तर तेही. पट्ट्यांचा व्हिडिओ रात्री एका दिव्याखाली, हळूहळू बाजू बदलत काढा, दिवसा सावलीत ते दिसत नाहीत.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ही सेवेतील त्रुटी आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तक्रारदार मात्र मित्र असेल, कारण पैसे त्याने दिलेत. तुम्ही साक्षीदार.

भवानी_पेठ

मी अशाच एका दुकानात कामाला होतो, म्हणून त्या बाजूचंही लिहितो. मला तिसऱ्या-चौथ्या दिवशीच रोटरी हातात दिली होती. शिकवणं म्हणजे एका भंगार दारावर अर्धा तास फिरवून दाखवलं, बास. मालक गिऱ्हाइकाला फोनवर "शनिवारी संध्याकाळी न्या" म्हणायचा, आणि आमच्याकडे शुक्रवारी दुपारपर्यंत गाडीला हातच लागलेला नसायचा. दुसरा हात मारायला दिवस लागतो हे आम्हालाही कळत होतं, पण दिवस होताच कुठे? टेप लावायला तास जातो म्हणून टेपही नको. कुठे रंग उडाला तर पगारातून कापायचे. त्यामुळे उडालेलं आम्ही लपवायचो, कडेला काळा मार्कर लावून गाडी द्यायचो.

तुम्ही भांडायला जरूर जा, पण मालकाशी भांडा. आणि जमलं तर एवढं विचारा की त्या पोराच्या पगारातून हे कापणार नाही ना.

मुलुंडकरीण

भवानी_पेठ, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं झालं. बाहेर बसून चहा पिताना काचेपलीकडे काय चाललंय ते आम्हाला खरंच कळत नाही.

मी आता कुणालाही कुणाचं नाव सांगताना काम सांगते. "ह्यांनी माझ्या गाडीचं आतून स्टीम करून दिलं, सीटवरचे दुधाचे डाग गेले, ते उत्तम करतात. रंगाचं मला माहीत नाही." "चांगला आहे" एवढंच म्हटलं की समोरचा सगळंच चांगलं धरून चालतो.

देवरुखकर

मुलुंडकरीण, सहमत. पण इथे तर त्यांनी मालकाला वर फोनही केला होता. "माझा जवळचा मित्र" म्हणून सांगितल्यावर त्या गाडीवर मालकाने नजर टाकायला नको? ओळखीला काही किंमत आहे की नाही?

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे आभार. काल आम्ही दोघं दुकानात जाऊन आलो. झालं ते जसंच्या तसं लिहितो.

मालकाने आधी हसून "काळ्या गाडीला थोडंफार असतंच" म्हटलं. मी नाशिककरांनी लिहिलेलं सांगितलं, गेज लावा म्हटलं. गेज आणल्यावर त्याचा सूर बदलला. छतावर आणि दारांवर ९५ ते ११० च्या दरम्यान आकडे येत होते. बॉनेटच्या मध्यावर ८८, आणि डाव्या कडेकडे सरकत गेलो तसे ७६, ७१. उघड्या जागेजवळ तर त्याने गेज ठेवलंच नाही. मग स्वतःच अल्कोहोलचं फडकं मारून हातातला दिवा तिरका धरला. पुढच्या दोन्ही दारांवरही कमानी निघाल्या, त्या आम्हाला तोपर्यंत दिसल्याच नव्हत्या. तो बराच वेळ काही बोलला नाही.

मग मी विचारलं, "मी फोन केला होता ना?" त्यावर तो म्हणाला, "साहेब, तुमची गाडी आजही मी स्वतः करतो, पोरांना हात लावू देत नाही. पण येणारी प्रत्येक गाडी मी कशी करणार?"

त्याला वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल. मला ते सगळ्यात वाईट लागलं. म्हणजे इतकी वर्षं मी ज्या कामाची वाखाणणी करत होतो, ते काम फक्त माझ्या गाडीला मिळत होतं. माझ्या सांगण्यावरून जे जे तिथे गेले त्यांना काय मिळालं असेल? घरी आल्यावर मी एकेकाला फोन लावले. दोघं म्हणाले, ठीक होतं. एक वहिनी म्हणाल्या, "डॅशबोर्डला काहीतरी तेलकट फासून दिलं होतं, दुपारी काचेत त्याचीच चकाकी दिसायची, म्हणून मी घरी साबणाच्या पाण्याने पुसून काढलं. तुम्हाला कशाला सांगायचं म्हटलं." त्याही गप्पच राहिल्या होत्या.

आणि माझं ठाम मत सांगतो. ज्याला स्वतःला गाडी करायला वेळ नाही त्याने कोटिंगचे २२,००० घेताना ते गिऱ्हाइकाला सांगायला हवं. "मी करणार नाही, अमका करेल, त्याला इतका अनुभव आहे." एवढं बोलला असता तर मित्राने ठरवलं असतं काय करायचं ते. हाच माणूस पूर्वी माझ्या तोंडावर "पैसे घालवू नका" म्हणाला होता. मोठं झाल्यावर त्याने पोरं ठेवली याचा मला राग नाही. ते एक वाक्य बोलणं सोडलं, त्याचा आहे.

पैशांचं: फुकटात पुन्हा करून देतो म्हणत होता, मित्राने बॉनेटला मशीन लावू द्यायला साफ नकार दिला. शेवटी १२,००० परत करायचं ठरलं, ते तिथेच यूपीआयने आले. बॉनेट रंगवायचा खर्च द्यायला तो तयार झाला नाही.

ग्राहकहक्क

१२,००० घेताना "पूर्ण तडजोड झाली" असं काही लिहून दिलंय का? दिलं नसेल तर रंगाच्या खर्चासाठी तुमचा दावा शिल्लक आहे. गेजच्या आकड्यांचे फोटो काढलेत ना?

सिंहगडरोडकर

लिहून काही दिलेलं नाही. फोटो आहेत, तारखेसकट.

काळ्या_सिटीचा_मालक

नवीन सदस्य आहे, वरच्या धाग्यातला मित्र मीच. त्याने मला दुवा पाठवला म्हणून खातं उघडलं.

मी गप्प राहिलो त्याचं कारण वेगळं होतं. हा माणूस माझ्या वडिलांच्या आजारपणात रात्र रात्र दवाखान्यात बसलेला आहे. त्याने एक नंबर दिला आणि तो चुकीचा निघाला, त्यावरून त्याला फोन करून काही ऐकवायचं हे मला जमलंच नसतं. बोललो असतो तर त्याने पैसे काढून दिले असते हेही मला माहीत होतं, आणि ते मला नको होतं. कर्वेनगरची ताई, तुमच्या सासऱ्यांबद्दल आदर आहे, पण यांनी मला एक रुपयाही द्यायचा नाही, हे इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवतो.

वाईट गाडीचंही वाटलंच. पाच वर्षं हप्ते भरले, एकही चुकवला नाही. कर्ज फिटल्यावर पहिल्यांदा तिच्यावर हौसेने खर्च केला आणि तोच तिच्या अंगाशी आला. सकाळी पार्किंगमध्ये मी त्या कडेला न बघता दुसऱ्या बाजूने जाऊन दार उघडायचो. काल दुकानात हा माझ्यापेक्षा जास्त भांडला. तेवढ्याने माझं बरंचसं भरून निघालं.

आता बॉनेट रंगवून घ्यायचं ठरवलंय. नाशिककर, पुढे काय काळजी घेऊ? पुन्हा कोटिंग करू का? आणि गाडी विकताना याचा त्रास होईल का?

कर्वेनगरची

वाचून बरं वाटलं. माझं निम्म्या पैशांचं म्हणणं मागे घेते.

मशीनवाला_नाशिक

काळ्या_सिटीचा_मालक, रंगाऱ्याला आधीच सांगा की जुना रंग पूर्ण घासून, प्रायमरसकट करायचा, नुसतं कडेला फवारून मिसळवून द्यायचं नाही. काळा रंग जुळवायला त्यातल्या त्यात सोपा, पण तुमचा साधा काळा आहे की मोत्यासारखी झाक असलेला, ते दाराच्या खांबावरच्या रंगाच्या कोडवरून बघा. नव्या रंगाला लगेच कोटिंग लावू नका. त्यातलं सॉल्व्हंट उडून जायला वेळ लागतो, महिनाभर थांबा. तोवर वॅक्सही नको, उन्हात धुणं नको, आणि फडकं मायक्रोफायबरचंच. सोसायटीत रोज गाड्या पुसणारा एकाच बादलीतल्या पाण्यात फडकं बुडवून सगळ्या गाड्या पुसतो. त्याला तुमच्या गाडीपुरतं नाही म्हणा, ती जाळी तिथूनच पडते.

विकताना घेणाऱ्याने गेज लावलं तर बॉनेटवरचा आकडा बाकी गाडीपेक्षा वेगळा येईल आणि तो "अपघात झाला होता का" असं विचारेल. म्हणून कालचे गेजचे फोटो, रंगवण्याआधीच्या कडेचा फोटो आणि रंगाऱ्याचं बिल एकत्र जपून ठेवा. पुटी न भरलेल्या बॉनेटचा आकडा आणि ठोकलेल्या बॉनेटचा आकडा यात जाणकाराला फरक कळतो. दारांवरचे होलोग्राम निघण्यासारखे आहेत, आकडे चांगले आहेत. पण कुणाकडेही द्याल तर आधी एका दारावर हातभर जागेत करून दाखवायला सांगा, अल्कोहोलने पुसून उन्हात बघा, आणि मगच बाकीचं. जो याला नाही म्हणेल त्याच्याकडे देऊ नका. माझ्याकडे आणलीत तरी हेच करा.

भवानी_पेठ

त्या पोराचं काय झालं? विचारलंत का?

सिंहगडरोडकर

विचारलं. कापणार नाही म्हणाला मालक. पोरगा मागच्या बाजूला एका पांढऱ्या गाडीची चाकं धूत होता, अठरा-एकोणीसचा असेल. मालक शेजारीच उभा असल्यामुळे त्याच्याशी बोलता आलं नाही. मित्राने मात्र निघताना मालकाला पुन्हा बजावलं, "त्याला आधी टेप लावायला शिकवा, आणि त्यासाठी वेळ द्या." गाडी सोमवारी रंगाऱ्याकडे जातेय, आम्ही दोघं मिळून सोडायला जाणार आहोत. रंग झाला की फोटो इथेच टाकतो.